ओतप्रोत विणलेला पदर : येवल्याच्या कडियल पैठणीचे परीक्षण

येवल्यातील एका विणकराच्या घरून घेतलेल्या, हातमागावर विणलेल्या सहावारी कडियल, म्हणजे काठ आणि अंग वेगळ्या धाग्यांनी विणून एकमेकांत अडकवलेल्या, पैठणीचे हे परीक्षण आहे. साडीचे अंग डाळिंबी आहे, दोन्ही काठ जरीचे व नारळी घाटाचे आहेत, अंगावर विरळ बुट्टे आहेत, आणि जरीच्या पदरावर असावलीच्या वेलीत हिरव्या अंगाच्या, लाल चोचीच्या मुनिया बसवलेल्या आहेत. किंमत पस्तीस हजार रुपयांच्या घरात गेली. तेवढ्या पैशांत यंत्रमागावरच्या अनेक ‘पैठण्या’ घेता येतात आणि दुरून पाहणाऱ्याला त्यांच्यात व हिच्यात चटकन फरक दिसत नाही. म्हणून हा पैसा नेमका कशाचा, हे नीट मांडणे मला आवश्यक वाटते. थोडा रेशमाचा, थोडा जरीचा आणि उरलेला सगळा धाग्यात धागा अडकवण्याचा, असे माझे उत्तर आहे. अशा अडकवण्यासाठी आपल्या भाषेत ‘ओतप्रोत’ हा शब्द आहे, आणि आपण तो रोज ज्या अर्थाने वापरतो त्यापेक्षा त्याचा मूळ अर्थ या साडीला अधिक नेमका लागू पडतो.

‘देशप्रेमाने ओतप्रोत भरलेले भाषण’, ‘भक्तिभावाने ओतप्रोत असा अभंग’ हे प्रयोग आपल्या सवयीचे आहेत. त्यांत ओतप्रोत म्हणजे काठोकाठ भरलेले, ओसंडून जाणारे. शब्दाच्या सुरुवातीला ‘ओतणे’ ऐकू येत असल्यामुळे पातेल्यात दूध ओतावे तशी भावना आत ओतली गेली आहे असे चित्र मनात उभे राहते, आणि बहुधा म्हणूनच त्याच्यापाठोपाठ ‘भरलेले’ हे विशेषण आपोआप येते. मुळात मात्र ओत आणि प्रोत ही दोन्ही रूपे विणणे या अर्थाच्या संस्कृत ‘वे’ धातूपासून झाली आहेत; ‘आ’ हा उपसर्ग लागून ओत, ‘प्र’ लागून प्रोत. बृहदारण्यक उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायात गार्गी याज्ञवल्क्याला विचारते की हे सर्व जर पाण्यात ओत आणि प्रोत आहे, तर पाणी कशात ओत आणि प्रोत आहे. आणि तोच प्रश्न एकेका लोकाविषयी विचारत ती ब्रह्मलोकापर्यंत जाऊन पोहोचते. त्यावरील भाष्यात शंकराचार्य ओत म्हणजे वस्त्रातील लांबीच्या तंतूंसारखे आणि प्रोत म्हणजे आडव्या तंतूंसारखे असे स्पष्टीकरण देतात, आणि लगेच ‘किंवा याच्या उलट’ असेही म्हणतात. हे ‘किंवा उलट’ मला मोलाचे वाटते. उभा कोण आणि आडवा कोण याला तिथे महत्त्व नाही; दोघांनी एकमेकांना धरून ठेवले आहे, एवढेच महत्त्वाचे आहे. विणकर ज्याला ताणा-बाणा म्हणतात, म्हणजे उभे धागे आणि आडवे धागे, ते हेच.

एकमेकांत अडकलेल्या वस्तूंसाठी मराठीत शब्दांची वाण नाही, आणि त्यांच्यातील छटा आपण न शिकता पाळत असतो. गुंता होतो, तो कुणी करत नाही, आणि तो सोडवायचा असतो. गजरा गुंफतात, तिपेडी वेणी घालतात, सुंभाला पीळ देतात; या सगळ्यांत हेतू आहे, पण गुंफलेले फूल ओढून काढता येते, वेणी उकलता येते, आणि मोकळे झाल्यावर केस हे केसच राहतात. गीतेच्या सातव्या अध्यायातील ‘सूत्रे मणिगणा इव’ या चरणाच्या आधी ‘प्रोत’ हा शब्द एकटा येतो, आणि तिथे त्याचा अर्थ ओवलेले असा होतो. दोरा तुटला तरी मणी शाबूत राहतो. ओत आणि प्रोत जोडीने आले की अर्थ पुढे जातो. ताणा काढून घेतला तर बाण्याचे कापड उरत नाही आणि बाणा काढून घेतला तर ताण्याचे उरत नाही. हे कोणत्याही कापडाला लागू आहे, अगदी मांजरपाटालाही. पैठणीच्या पदरात मात्र हे एकमेकांना धरणे आणखी एका पायरीने वाढते, आणि परीक्षणाचा खरा विषय ती पायरी आहे.

साध्या कापडात बाण्याचा धागा घेऊन धोटा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग जातो आणि परत येतो. पैठणीच्या पदरात असा सलग प्रवास होत नाही. पदराची जमीन जरीची असते आणि नक्षीतल्या प्रत्येक रंगाचे रेशीम वेगळ्या लहान कांडीवर गुंडाळलेले असते. मुनियेच्या अंगाचे हिरवे रेशीम मुनियेच्या कडेपर्यंतच जाते आणि तिथून मागे वळते. शेजारची जर त्याच कडेपर्यंत येते आणि तीही मागे वळते. दोघेही नुसतेच वळले, तर मधल्या दोन ताण्यांच्या दरम्यान उभी फट राहील, कारण तिथे डावीकडच्याला उजवीकडच्याशी बांधणारे काहीच नसेल. म्हणून वळण्यापूर्वी विणकर एक धागा दुसऱ्यात अडकवतो, दोन हातांची बोटे एकमेकांत अडकवावीत तसा. हे प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक रंगाच्या प्रत्येक कडेला करावे लागते. वेल वळली की कड एका ताण्याने सरकते, म्हणून पुढच्या ओळीत अडकवण्याची जागाही बदलते, आणि विणकराला ताण्याचे धागे मोजतच पुढे जावे लागते. एक ओळ पुरी झाली की फणी ठोकायची, आणि पुन्हा सगळ्या कांड्या एकेक करून हाती घ्यायच्या. असावलीसारख्या वेलीत एका ओळीत अशा कितीतरी कांड्या असतात. साधी पैठणी काही आठवड्यांत मागावरून उतरते आणि भरगच्च पदराची कित्येक महिने घेते, याचे कारण एवढेच आहे.

या पद्धतीचा एक परिणाम असा की नक्षी कापडावर नसते, नक्षी हेच तिथले कापड असते. मुनिया उसवून काढली तर तिच्याखाली जरीची जमीन सापडणार नाही; तिथे मोकळे ताणे दिसतील. यंत्रमागावरच्या नकलेत याच्या उलट स्थिती असते. तिथे जमिनीचा बाणा सलग जातो आणि नक्षीचा रंगीत धागा जादा बाणा म्हणून जॅकार्ड या नक्षी उठवणाऱ्या यंत्रजोडणीच्या साहाय्याने त्याच्या जोडीने घातला जातो. जिथे रंग हवा तिथे तो वर येतो, जिथे नको तिथे पाठीमागे लोंबत राहतो. हे लोंबते धागे नंतर कापतात किंवा तसेच ठेवून त्यांवर जाळीचे अस्तर लावतात. अशा साडीची मुनिया काढून टाकली तरी साडी धडकी राहते. ती साडी वाईट असते असे माझे म्हणणे नाही. कमी पैशांत एखाद्या मुलीला लग्नात पैठणीची हौस भागवता येते, याचे मला बरेच वाटते. पण तिला पैठणी म्हणून पैठणीच्या भावात विकणे हे फसवणे आहे, आणि ते सर्रास चालते.

मी घेतलेल्या साडीचा पदर या कसोटीला पूर्ण उतरतो. तो उलटा करून सुलट्याशेजारी ठेवला तर कोणती बाजू कोणती हे सांगायला मलाही थांबावे लागते. एखाददुसऱ्या ठिकाणी रंग संपून नवा सुरू झाल्याची बारीक टोके दिसतात, तीच काय ती खूण. वेलीच्या पानांच्या कडा स्वच्छ आहेत आणि वळणे पायऱ्यापायऱ्यांची दिसत नाहीत, याचा अर्थ ताण्याचे धागे दाट आहेत आणि मोजणी चुकलेली नाही. दोन मुनिया शेजारी ठेवून पाहिल्या तर एकीची चोच किंचित लांब आहे. मला हा दोष वाटत नाही, पण सगळे तंतोतंत सारखे हवे असलेल्या ग्राहकाने हे आधी समजून घ्यावे.

काठांविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण कडियल हे नाव काठामुळेच आहे. एकधोटी साडीत एकच धोटा अंग आणि काठ दोन्हींतून जातो, त्यामुळे बाण्याचा रंग सगळीकडे एकच राहतो. ताण्याचा रंग वेगळा घेतला तर धूपछाँव दिसते, आणि ती साडी आपल्या जागी सुंदरच असते. कडियलमध्ये तीन धोटे चालतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. प्रत्येक ओळीत अंगाचा बाणा काठापर्यंत येतो, काठाच्या बाण्यात अडकतो आणि परत फिरतो. म्हणून डाळिंबी रंग काठात डोकावत नाही आणि जर अंगात उतरत नाही. दोन्ही आपापल्या रंगात शुद्ध राहूनही एकमेकांपासून सुटत नाहीत. कांचीपुरमच्या साड्यांत अशाच जोडणीला कोरवै म्हणतात. आपल्याकडे विदर्भातील करवती साडीतही काठ याच रीतीने अंगात अडकवलेला असतो, फक्त तिथे त्या अडकण्याचे दाते मुद्दाम मोठे ठेवून करवतीसारखी नक्षी उठवलेली असते, आणि तिचे नावही त्यावरूनच पडले आहे. पैठणीत हे दाते अगदी बारीक असतात. काठाच्या रेषेवर नख हलकेच फिरवले तर ते जाणवतात. माझ्या साडीत ती रेषा सहा वारांच्या जवळजवळ संपूर्ण लांबीत एकसारखी आहे. निऱ्यांच्या भागात एके ठिकाणी ती थोडी ओढल्यासारखी दिसते, बहुधा तिथे बाण्याचा ताण बदलला असावा. नेसल्यावर तो भाग निऱ्यांत झाकला जातो.

अंगावरच्या बुट्ट्यांबाबत माझे समाधान पदराइतके नाही. ते जादा बाण्याने घातलेले आहेत. हाताने घातले असल्यामुळे एका बुट्ट्याचा धागा दुसऱ्या बुट्ट्यापर्यंत लोंबत गेलेला नाही हे खरे, परंतु त्यांची पाठ पदरासारखी स्वच्छ नाही आणि बांगडी अडकली तर एखादा धागा ओढला जाईल अशी धास्ती राहते. बुट्टेही पदराप्रमाणे गुंतवून विणलेले हवे असतील, तर तसे स्वतंत्र सांगावे लागते आणि किंमत बरीच चढते. विणकराने हा फरक विचारण्यापूर्वीच सांगितला, याची नोंद मी आदराने करते.

रेशमाचा पोत उत्तम आहे. साडी अंगावर चापून बसते, फुगत नाही, आणि निऱ्या एकदा घातल्या की हलत नाहीत. वजन जाणवते, विशेषतः पदराचे. डाव्या खांद्यावर पिन नीट लावली नाही तर तो मागे ओढत राहतो. पूर्ण जरीचा पदर ताठ असतो आणि पहिल्या काही नेसण्यांत तो खांद्यावरून खाली नीट पडत नाही, हे पैठणी नेसणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. पदर मोकळा सोडावा, घड्या घालून पिन करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. घड्यांत असावली दिसत नाही, आणि जिथे विणकराचे सर्वांत जास्त श्रम गेले तोच भाग झाकून टाकण्यात काही अर्थ नाही.

जर टेस्टेड आहे, म्हणजे तांब्याच्या आधारावरची. पूर्वी पैठणीला सोन्याचांदीची जर वापरत, आणि जुन्या पैठण्या वितळवून त्यांतील धातू काढण्यासाठी विकल्या गेल्याचे अनेक घरांत सांगतात. आज चांदीच्या जरीची साडी मागणीनुसार मिळते, पण तिची किंमत वेगळ्याच घरात जाते. टेस्टेड जरीची चमक आज चांगली आहे. काही वर्षांनी ती काळवंडू शकते, हे घेताना गृहीत धरले पाहिजे. जर सुरतेची आणि रेशीम कर्नाटकातले, हे येवल्यातील बहुतेक मागांचे आहे; येवल्याचे म्हणावे असे काय, तर ते विणकराच्या बोटांत आहे. पैठणीला २०१० मध्ये जे भौगोलिक मानांकन मिळाले, त्याला खरा आधार मला या बोटांचाच वाटतो.

घेणाऱ्यांनी काय पाहावे, हे माझ्या अनुभवावरून लिहिते. दुकानात असाल तर सर्वांत आधी पदर उलटा करायला सांगावा. अस्तर लावलेले असेल किंवा धागे कापल्याची खरखर हाताला लागली, तर पुढे बोलण्याची गरज नाही. नंतर काठ आणि अंग यांची रेषा उजेडासमोर धरून पाहावी. फट दिसता कामा नये आणि एका बाजूचा रंग दुसरीकडे गेलेला दिसता कामा नये, निदान साडी कडियल म्हणून विकली जात असेल तर. सिल्क मार्कची खूण रेशमाच्या शुद्धतेची हमी देते, हातमागाची नाही. त्यासाठी हॅण्डलूम मार्क वेगळा आहे, आणि हे दोन्ही एकच समजून अनेकजण एका चिठ्ठीवर विश्वास ठेवतात. शक्य असेल तर येवल्याला किंवा पैठणला जाऊन माग चालू असताना पाहावा. येवले नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच आहे, आणि बरेच विणकर घरातला माग दाखवायला आनंदाने तयार असतात. थोडा वेळ मागाशेजारी बसून एका ओळीत किती वेळा धाग्यात धागा घातला जातो ते पाहिले की भाव करण्याची भाषा आपोआप बदलते. घासाघीस करूच नये असे मी म्हणत नाही, पण जरीच्या वजनावर आणि रेशमाच्या भावावर हिशेब मांडून हा पदर महाग आहे असे सांगणे योग्य नाही, कारण त्या हिशेबात पदर विणण्याचे दिवस धरलेलेच नसतात.

निगेबाबत विणकराने सांगितलेले आणि घरात पूर्वापार चालत आलेले जवळजवळ सारखेच आहे. साडी घरी धुवायची नाही, कोरडी धुलाई करून घ्यायची. अत्तर किंवा फवारा साडी नेसण्यापूर्वी लावायचा, जरीवर पडू द्यायचा नाही. जुन्या धुवट सुती कापडात गुंडाळून ठेवायची, प्लास्टिकच्या पिशवीत नाही, आणि डांबरगोळ्या जरीला लागतील अशा ठेवायच्या नाहीत. दर काही महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या जागी घालायची, नाहीतर जर त्याच रेषेवर तुटते. पदर आतल्या बाजूला घ्यावा की बाहेरच्या, यावर मतभेद आहेत; मी आत घेते, म्हणजे घडीची धार जरीवर येत नाही. एखादा धागा निघालाच तर कात्री लावू नये. यंत्रमागाच्या साडीत पाठीमागचा लोंबता धागा कापला तर काही बिघडत नाही, इथे मात्र तो धागा शेजारच्याला धरून बसलेला असतो आणि कापल्यावर दोघेही सुटतात. विणकराकडेच नेऊन तो आत घालून घ्यावा. अशी दुरुस्ती ते करतात.

कोणी घ्यावी, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. वर्षातून एकदाच नेसायची, फोटोत उठून दिसावी एवढीच अपेक्षा आहे आणि हात आखडता घ्यावा लागत आहे, अशांनी कडियल घेऊ नये. एकधोटी हातमागाची पैठणी कमी किमतीत मिळते आणि तिचा पदरही दोन्ही बाजूंनी सारखाच असू शकतो. ज्यांना आयुष्यात एकच पैठणी घ्यायची आहे आणि ती पुढे लेकीसुनेकडे जावी अशी इच्छा आहे, त्यांनी बुट्टे कमी करावेत, हवे तर अंग अगदी साधे ठेवावे, पण पदर आणि काठ गुंतवून विणलेलेच घ्यावेत. भरगच्च अंग आणि हलका पदर अशी उलटी निवड आजकाल वाढते आहे, ती मला पटत नाही.

एक उणीव साडीची नाही, व्यवहाराची आहे, आणि ती अनेक विक्रेत्यांकडे दिसते. पावतीवर ‘पैठणी साडी, नग एक’ यापलीकडे काही लिहिलेले नसते. जर टेस्टेड की चांदीची, विणकाम कडियल की एकधोटी, बुट्टे गुंतवून विणलेले की जादा बाण्याचे, या तीन गोष्टी पावतीवर लिहून द्यायला कोणतीही अडचण नाही. मी मागितल्यावर त्या हाताने लिहून मिळाल्या. प्रत्येक ग्राहकाने मागाव्यात.